फिरून आणलेल्या पाना-शेंगांचं घरी करायचं काय, आणि आणायचं तरी किती

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून फिरायला जायचं, पोरांनी खिसे भरभरून पानं, बिया, काटक्या गोळा करायच्या आणि संध्याकाळी घरी बसून त्याचं काहीतरी छान करायचं, ऐकायला किती सोपं वाटतं ना. पण बहुतेक घरांत ती पिशवी दाराच्या मागे तशीच पडून राहते आणि चार दिवसांनी उघडली की कुबट वास, पानांवर पांढरी बुरशी आणि एखादी गोगलगाय भिंतीवर चढलेली. मग वैताग येतो आणि पुढच्या वेळी "काही उचलायचं नाही हं" असा हुकूम सुटतो. खरं तर सगळं अडतं ते एकाच ठिकाणी, घरी परत आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. तो अर्धा तास जमला की पानं दाबली जातात, बिया सुकतात, आणि बाहेर धो-धो पाऊस असो नाहीतर कडक ऊन असो, घरात बसून करायला पुढचे दोन-तीन आठवडे सामान हाताशी तयार असतं. म्हणून खाली क्रमही तसाच ठेवलाय, आधी बाहेर काय करायचं, मग तो अर्धा तास, मग दाबणं, छापणं, उकळणं वगैरे. ज्यांना फक्त पानं दाबायची आहेत त्यांनी सरळ खाली जा, मी रागावणार नाही.

निघायच्या आधी

मोबाईलवर एखादा सुंदर फोटो बघून "आज आपण हेच करायचं" असं ठरवून निघू नका. तसं ठरवलं की सगळ्यांचे डोळे फक्त तेवढंच शोधत राहतात, ते सापडत नाही, आणि जे सापडलेलं असतं त्याच्याकडे कोणी बघतच नाही. उलटं करा, जे मिळेल ते बघून घरी गेल्यावर ठरवा. मोठी चपटी पानं मिळाली तर दाबायची, कडक जाड पानं मिळाली तर जाळी करायची, नुसत्या काटक्या आणि शेंगा मिळाल्या तर लटकन करायचं, इतकं साधं आहे.

सोबत कापडी पिशवी घ्या, प्लास्टिकची नको, कारण प्लास्टिकमध्ये पानांना घाम फुटतो आणि ती घरी पोचेपर्यंत मऊ पडतात. एक जुनं जाड पुस्तक किंवा वही आणि एक मोठं रबरबँड, नाजूक पान किंवा फूल मिळालं की तिथल्या तिथे पानांत ठेवून टाकायला, कारण काही फुलांच्या पाकळ्या घरी येईपर्यंत अशा वळतात की मग काही केल्या सरळ होत नाहीत. कप्पे असलेला पुठ्ठ्याचा ट्रे असेल तर फार कामाचा, पोरांना एकेका कप्प्यात एकेक वस्तू ठेवायला जाम आवडतं आणि मुख्य म्हणजे कप्पे संपले की गोळा करणं आपोआप थांबतं, आपल्याला ओरडावं लागत नाही. कोरे कागद, मेणाचे खडू, पाण्याची बाटली, हात पुसायला फडकं. भिंग असेल तर घ्या. आणि गवतातून जाणार असाल तर पूर्ण बाह्या, पूर्ण पँट आणि बंद बूट, यात फॅशनचा प्रश्न नाही.

वेळ म्हणाल तर दव सुकल्यानंतरची. भल्या पहाटे फिरायला मस्त वाटतं हे मान्य, पण ओली पानं दाबायला आणली तर निम्मी काळी पडतात. पाऊस पडून गेल्यावर जरूर जा, भिजलेल्या सालींचे रंग तेव्हाच दिसतात, पण त्या दिवशी बघायला जा, गोळा करायला नको.

आणि अंतर. लहान मुलं बरोबर असतील तर एक मैदान किंवा एखादी झाडांची रांग पुरे होते. पावलं मोजायची असतील, किलोमीटर मोजायचे असतील तर ते एकट्याने दुसऱ्या दिवशी करा, दोन्ही एकत्र केलं की दोघंही चिडतात.

चालताना

"बघ किती छान निसर्ग आहे" असं म्हटल्यावर आजवर कुठल्याही मुलाने निसर्गाकडे बघितलेलं नाही. त्यांना काम द्यावं लागतं. "कडा करवतीसारख्या असलेलं पान शोध", "दोन्हीकडून वेगळ्या रंगाचं पान शोध", "कोणीतरी खाल्लेलं पान शोध". हे शेवटचं तर भारीच आहे, कारण अळीने कडेने कुरतडलेलं पान, मधेच गोल भोक पडलेलं पान आणि पांढऱ्या नागमोडी रेघा असलेलं पान ही तीन वेगळ्या पाहुण्यांची कामं असतात. त्या रेघा म्हणजे पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे राहून आतला गर खात गेलेल्या बारीक अळीचा रस्ता, नीट बघितलं तर रेघ एका बाजूला बारीक सुरू होते आणि पुढे पुढे जाड होत जाते, कारण खाता खाता अळी मोठी झालेली असते. एवढं एक पान भिंगातून दाखवलं की पुढचा अर्धा तास तुमचा.

दुसरा खेळ आवाजांच्या नकाशाचा. कुठेतरी टेकायचं, कागदाच्या मधोमध फुली मारायची, ती फुली म्हणजे आपण. मग दोन-तीन मिनिटं अजिबात न बोलता जो आवाज ज्या दिशेने आणि जितक्या लांबून येईल तिथे त्याची खूण काढायची, पक्ष्याला एक खूण, वाऱ्याला एक, गाडीला एक. पहिल्या मिनिटात जवळचे आवाज येतात, लांबचे नंतर ऐकू यायला लागतात. घरी सगळ्यांचे कागद शेजारी ठेवले की भांडणं होतात, "तो पक्षी डावीकडे होता" "नाही उजवीकडे", होऊ देत.

सालीचे ठसे पण तिथेच घ्या. कागद खोडावर धरायचा, मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा, खडूवरचा कागद आधी काढून टाका. एकाने कागद घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने घासायचं, एकट्याने केलं की कागद सरकतो आणि सगळं दुहेरी उमटतं.

आणि जमलं तर एक झाड आपलं ठरवून टाका, घराजवळचं, दर महिन्याला सहज जाता येईल असं. त्याच जागेवर उभं राहून फोटो काढायचा आणि खाली पडलेलं एक पान घ्यायचं. वर्षभराची पानं ओळीने लावली की कोवळी पालवी, गडद हिरवं, किडलेलं, पिवळं, सगळा प्रवास एका कागदावर दिसतो. इथे पोरं हमखास विचारतात की पान पिवळं का होतं, तर सांगायला सोपं उत्तर असं की पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्या हरितद्रव्याखाली झाकलेला, झाड पान सोडायच्या तयारीला लागलं की हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा दिसायला लागतो. थंड प्रदेशातल्या झाडांच्या पानांना शरदात जो लाल रंग येतो त्याची गोष्ट वेगळी, तो बहुतेक तेव्हा नव्याने तयार होतो, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की जास्त खुलतो.

काय उचलायचं नाही

नियम एकच ठेवा, खाली पडलेलं घ्यायचं, झाडावरचं नाही, आणि एका माणसाला एक ओंजळ. फुलं हवी असतील तर आपल्या कुंडीतली किंवा विचारून घेतलेली. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य अशा ठिकाणी तर पडलेलंसुद्धा नाही. घरटं रिकामं दिसलं तरी हात लावायचा नाही, काही पक्षी तेच परत वापरतात. समुद्राकाठचा शंख उचलला तर आत संन्यासी खेकडा नाही ना ते बघा.

आता जरा गंभीर. गुंजेच्या लालभडक, एका टोकाला काळा ठिपका असलेल्या बिया दिसायला इतक्या देखण्या असतात की माळ ओवायचा मोह होतो, पण त्या अतिशय विषारी आहेत, चावली किंवा भोक पाडताना फुटली तर जिवावर बेतू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात नकोतच. एरंडाच्या ठिपकेदार बियांचं तेच. कण्हेर आणि धोतरा यांचा कुठलाच भाग क्राफ्टसाठी घेऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. आणि खाजकुयलीच्या मखमली शेंगा, ज्यांनी एकदा हात लावलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी लावला नाहीये त्यांनी लावू नका. ओळखू न येणारी वस्तू असेल तर फोटो काढा आणि पुढे चला. घरी पोचल्यावर सगळ्यांचे हात साबणाने, आधी हात आणि मग बाकी सगळं.

तो अर्धा तास

पिशवी दाराशी ठेवायची नाही, सरळ गॅलरीत किंवा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर उपडी करायची. पोरं दमलेली असतील, तुम्हीही दमलेले असाल, तरीपण. तीन ढीग करा. पहिला आजच दाबायच्या वस्तूंचा, म्हणजे पानं, फुलं, पिसारा असलेलं गवत. दुसरा सुकवायच्या वस्तूंचा, शेंगा, बिया, काटक्या, पाइनचे कोन (म्हणजे त्या झाडाचे खवल्याखवल्यांचे लाकडी गोळे), साली. तिसरा परत बाहेर द्यायचा, म्हणजे फाटलेलं, चिखलाने भरलेलं, ज्यात किडे राहतायत असं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला तर उत्तम. मुलं म्हणतील सगळंच ठेवायचं, तेव्हा "यातलं तुझं सगळ्यात आवडतं पाच काढ" म्हणा, "बाकीचं टाक" म्हणू नका, अर्थ तोच पण रडारड कमी.

पहिला ढीग लगेच कागदात जातो. दुसऱ्या ढिगातलं सगळं एका सुपात किंवा ट्रेमध्ये एकावर एक न रचता पसरायचं आणि हवेशीर जागी ठेवायचं, दोन-तीन दिवस ऊन मिळालं तर फारच छान. शेंगांत आणि बियांत बारीक भुंगे असतात, ते नंतर घरभर फिरतात, म्हणून पूर्ण सुकल्यावर झिपलॉकमध्ये घालून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं सामान खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं आणि सुकवलेलं परत ओलं होतं.

पाइनचे कोन मिळत असतील तर ते ओव्हनमध्येही चालतात, १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास, ट्रेवर जाड फॉइल पसरून, आणि समोर उभं राहून, कारण त्यातला चिकट राळ वितळतो आणि ओव्हन सोडून कुठे जायचं नसतं. ओव्हनमध्ये घालायच्या आधी एक कोन पाण्यात टाकून बघा, तास-दोन तासांत तो मिटतो, आणि सुकला की परत उघडतो. झाडावरून तुटलेला, जीव नसलेला कोन हे करतो, कारण त्याच्या खवल्याला दोन थर असतात आणि ओलाव्याने बाहेरचा थर आतल्यापेक्षा जास्त फुगतो, म्हणून खवला आत वळतो. बुडाकडून बघितलं तर खवल्यांची वळणं मोजता येतात, एका दिशेने ८ आणि उलट दिशेने १३, किंवा ५ आणि ८. रंगीत पेनने एकेक वळण रंगवत मोजायला द्या, मोठी माणसंही त्यात अडकून बसतात.

पानं दाबणं

सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायला लागले आणि जगभरातले वनस्पतीसंग्रह आजही मुळात तेच करतात, त्यामुळे यात नवीन यंत्र वगैरे काही लागत नाही, वजन आणि कोरडा कागद लागतो. पण लोक पुस्तकात पान ठेवतात आणि विसरतात, आणि मग म्हणतात आमची तपकिरीच होतात. पान तपकिरी होतं ते पाणी आत अडकून राहिल्यामुळे. पाणी जितकं लवकर बाहेर तितका रंग जास्त टिकतो, सगळी युक्ती एवढ्यात आहे.

म्हणून असं करा. खाली पुठ्ठा, ज्या खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नळ्या असतात तो, कारण त्या नळ्यांतून हवा फिरते. त्यावर वर्तमानपत्राचे चार-पाच पदर, त्यावर साधा कोरा कागद, त्यावर पानं एकमेकांना न चिकटता, परत कोरा कागद, परत वर्तमानपत्र, परत पुठ्ठा. असे थर रचत जा. चकचकीत मासिकाचा कागद पाणी शोषत नाही, तो नको. नक्षीदार टिश्यू पण नको, ती नक्षी पाकळीवर उमटते. वर जाड पुस्तकं किंवा विटा. आता मुख्य गोष्ट, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बदलायचं. हातात घेतलं की ते दमट लागतं, तेच पाणी आपल्याला नको होतं. मग पुढे दोन-तीन दिवसांआड बदला. पातळ पान आठवड्या-दीड आठवड्यात होतं, जाड पानाला तीन आठवडे लागतात. झालं की नाही कसं ओळखायचं, तर पान गालाला लावायचं, गार लागलं तर अजून आत पाणी आहे. पोरांना ही परीक्षा फार आवडते, गरज नसताना रोज करतात.

पावसाळी दमट हवेत बदलायचे कागद आधी इस्त्रीने गरम करून घ्या. जाड फूल असेल तर ते मधून उभं अर्धं कापून दाबा, नाहीतर मधला गोंडा बाजूच्या पाकळ्यांना कागद टेकूच देत नाही.

घाई असेल तर इस्त्री. वाफ बंद, मध्यम गरम, पान दोन कोऱ्या कागदांच्या मधे, दहा-दहा सेकंद दाबून उचलायचं, घासायचं नाही. मायक्रोवेव्हमध्येही होतं असं लोक करतात, मला ते फारसं पसंत नाही, पान सुकत आलं की क्षणात करपतं आणि पेटूही शकतं.

सुकलेल्या पानांचं काय, तर ते सांगायची गरज खरं तर नाही, कार्ड करा, खुणेच्या पट्ट्या करा, फ्रेम करा. फक्त फ्रेम थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो. एक प्रकार मात्र आवर्जून करा, काचेच्या बरणीचा दिवा. बरणीला बाहेरून पांढरा गोंद निम्मं पाणी घालून ब्रशने लावायचा, पातळ पान चिकटवायचं, वरून पुन्हा तोच गोंद आणि पांढरा पातळ टिश्यू, त्यावर शेवटचा हात. ओलं असताना सगळं दुधाळ आणि बिघडल्यासारखं दिसतं, घाबरू नका, सुकलं की पारदर्शक होतं. आत बॅटरीची दिव्यांची माळ सोडा. खरी मेणबत्ती नको, बाहेर सुकं पान आणि कागद आहे.

पानाची जाळी

हे वेळ खातं, पण एकदा तरी करून बघाच. यासाठी कडक, जाड शिरांचं पान लागतं, पिंपळ किंवा मॅग्नोलिया चालतं, मऊ पानाचा लगदाच होतो. दोन रस्ते आहेत. सावकाश रस्ता म्हणजे पानं बादलीत पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवायची, पाण्यातले जिवाणू मऊ भाग खाऊन टाकतात आणि शिरा तशाच राहतात. वास येतो, खोटं कशाला बोलू, म्हणून बादली बाहेर, दर आठवड्याला पाणी बदलायचं आणि झाकण घट्ट, नाहीतर डासांची शाळा भरेल.

जलद रस्ता मोठ्यांनीच करायचा. धुण्याचा सोडा एक लिटर पाण्यात साधारण अर्धी वाटी, स्टीलच्या जुन्या पातेल्यात, ॲल्युमिनियमचं नको कारण सोडा त्याला खातो. खिडकी उघडी, हातमोजे, आणि मंद आचेवर एक ते दोन तास, पाणी कमी झालं तर घालत राहायचं. पान बोटांत धरून चोळल्यावर साल सुटतेय असं वाटलं की गॅस बंद, गार झाल्यावर साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचं.

आता पुढचं काम मुलांचं. पसरट ताटलीत थोडं पाणी, त्यात पान पालथं, आणि मऊ टूथब्रशने मधल्या शिरेपासून कडेकडे, एकाच दिशेने. सुरुवातीला काहीच होत नाही, मग अचानक हिरवट साय सुटल्यासारखा थर निघतो आणि खाली ताटलीची नक्षी दिसायला लागते, पानातून. तिथे सगळे ओरडतात आणि तिथेच ब्रशचा जोर वाढून पान फाटतं, म्हणून चार-पाच पानं जास्तीची उकळा. जाळी झाली की टिपकागदावर ठेवून पुस्तकात दाबा. पातळ रंगात बुडवली तर रंगही घेते.

ठोकून छापणं आणि उन्हात छापणं

सुती कापड, ताजं मऊ पान, हातोडी. कापड नवं असेल तर आधी धुऊन त्यातली खळ काढा. रंग जास्त धरायला हवा असेल तर १०० ग्रॅम कापडाला १० ते १५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजवा, पिळून वाळवा. मग लाकडी फळीवर कापड, त्यावर पान शिरांची बाजू खाली करून चिकटपट्टीने बसवायचं, वर बेकिंगचा कागद आणि ठोकायला सुरुवात, आधी कडा मग मधला भाग. जोरात नाही, बारीक बारीक आणि सगळीकडे सारखं. कापड दुमडून मधे पान ठेवलं तर दोन्हीकडे छाप येतो, आरशातल्यासारखा. फार रसाळ पान घेतलं तर नुसता डाग पडतो आणि मेणचट पान काही देतच नाही. सागाचं झाड जवळपास असेल तर त्याचं कोवळं पान वापरून बघा, चोळलं की तळवा लाल होतो तेच ते, कापडावर तांबूस-जांभळट उतरतं. हिरवे छाप कालांतराने फिके होतात, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर कोणी हिरमुसत नाही. आणि दुपारच्या वेळी खालच्या मजल्यावरच्यांची झोप असते, तेवढं बघा.

उन्हाळ्यात, जेव्हा बाहेर नुसतं ऊनच ऊन असतं, तेव्हा सायनोटाइप. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि लगेच १८४३ पासून ॲना ॲटकिन्स या बाईंनी पाण्यातल्या शेवाळांचे असे निळे-पांढरे छाप काढून त्यांचं पुस्तक करायला घेतलं. पुढे बांधकामाच्या नकाशांना ब्लूप्रिंट म्हणतात ते याच निळ्या कागदावरून. लोहाची दोन रसायनं कागदाला लावलेली असतात, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातलं लोह बदलतं आणि निळा रंग तयार होतो, जिथे पानाची सावली तिथे कागद पांढराच राहतो. घरी करायला तयार लेप दिलेला कागद आणा, रसायनं कालवायच्या भानगडीत लहान मुलांबरोबर पडू नका. अंधाऱ्या खोलीत कागदावर दाबलेलं पान ठेवायचं, वर काच, आणि उन्हात. कडक ऊन असेल तर पाच-दहा मिनिटांत उघडा भाग राखाडी-तपकिरी दिसायला लागतो, तेव्हा आत आणून वाहत्या पाण्यात पिवळट पाणी जाईपर्यंत धुवायचा. निळा रंग लगेच पूर्ण चढत नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत गडद होत जातो. ताजं पान ठेवलंत तर ते कागदावर ओल सोडतं आणि कडा धूसर येतात, म्हणून दाबलेलंच घ्या.

शेंगा-काटक्यांसाठी फार काही सांगत नाही. गुलमोहराची सुकी शेंग म्हणजे तयार खुळखुळा, नुसती रंगवून द्या. वाकड्या काटकीला सुतळीने कोन, पिसं, सालीचे तुकडे वेगवेगळ्या लांबीवर बांधा, लटकन झालं. तोल साधायला वस्तू इकडेतिकडे सरकवाव्या लागतात, त्यात मुलांचं डोकं छान चालतं. ग्लू गन असेल तर ती मोठ्यांच्या हातात.

घरातली बसण्याची गोष्ट

रोज टेबल मांडायचं आणि आवरायचं असेल तर हे चार दिवसांत बंद पडतं. एक ट्रे ठरवा, त्यातच कात्री, गोंद, कागद, ब्रश, अर्धवट काम, आणि तो ट्रे उचलून कपाटावर. पुन्हा काढला की जिथे सोडलं तिथून सुरू. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना ओवायचं, गाठी मारायचं काम द्या, आणि काहीच काम दिलं नाही तरी ते बसतात आणि "अरे असं नाही, असं धर" सुरू होतं, तेवढ्यावर संध्याकाळ जाते. थोडी मोठी मुलं "हे लहान पोरांचं आहे" म्हणतात, त्यांना सायनोटाइप किंवा जाळीच द्या, बाकी त्यांच्याकडून अपेक्षा नको.

आणि एक, मुलांचं काम आपण सुधारायचं नाही. पान तिरकं चिकटवलंय तर तिरकं. हात शिवशिवत असतील तर स्वतःचं वेगळं घ्या आणि करा. आई-बाबा शेजारी बसून स्वतःचं काहीतरी करत असले की मुलं जास्त वेळ टिकतात, आणि आपणही मोबाईल जरा लांब ठेवतो, खोटं नाही.

केलेल्या वस्तूंसाठी घरात एकच जागा ठेवा, एक फळी किंवा एक मोठी ताटली. ऋतू बदलला की ती रिकामी करायची आणि नव्याने मांडायची. सगळं जपलं तर घराचं गोडाऊन होतं, त्यामुळे दर ऋतूतली दोन-तीन निवडक कामं वहीत चिकटवून खाली तारीख, जागा आणि कोणी केलं ते लिहून ठेवा, बाकीच्यांचा फोटो काढा. दाबलेली जास्तीची पानं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली तर पुढच्या वर्षीपर्यंत चांगली राहतात.

टाकताना गोंद, रंग, चमकी लागलेलं वेगळं काढा, ते कचऱ्यात जातं. नुसती पानं, काटक्या, साली कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी. बिया मात्र लांबून कुठून आणलेल्या असतील तर दारातल्या मातीत भिरकावू नका, काही झाडं नव्या जागी इतकी पसरतात की तिथल्या झाडांना जागाच उरत नाही. पाइनचे कोन कुजायला फार वेळ घेतात, ते कुंडीतल्या मातीवर पसरून टाका, ओल टिकायला मदत होते.